स्पूल टेपरेकॉर्डर नुसताच घुमतोय? आधी कपॅसिटर बघा

नाशिकच्या जुन्या वाड्यातला स्पूल टेपरेकॉर्डर माळ्यावरून खाली आला. टेपवर आजोबांचा आवाज आहे. पण मोटर नुसती घूं घूं करते. जळली का? बऱ्याचदा नाही.

अशा अनेक मशिनमध्ये एसी इंडक्शन मोटर असते. सिंगल फेजवर तिला फिरायला जोर मिळतो तो कपॅसिटरमुळे. तो दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा पुढे सरकवतो. जुन्या कागदी कपॅसिटरमध्ये ओल शिरते, गळती सुरू होते, मोटर तापते.

नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, आणि मोटर-रन फिल्म प्रकारच. स्वस्तातला डीसी इलेक्ट्रोलिटिक फुटू शकतो. पंख्याचा चालेल? आकडे जुळले तरच. प्लग काढल्यावरही चार्ज उरतो, म्हणून काम जाणत्या मेकॅनिककडेच द्या. आणि पहिल्या चाचणीला आजोबांची टेप नको, कोरी लावा.