फळांचा क्रंबल आणि अपत्यप्राप्ती

अपत्यप्राप्तीच्या प्रतीक्षेत असलेली दांपत्ये व त्यांचे कुटुंबीय आमच्याकडे आहाराविषयी वारंवार पृच्छा करतात. परदेशस्थ नातलगांनी कळविलेल्या पाककृतीही त्यांत असतात. अशाच एका पदार्थाच्या निमित्ताने आहाराची उपयुक्तता आणि मर्यादा येथे स्पष्ट करीत आहोत.

क्रंबल हा इंग्लंडमधील घरगुती पदार्थ. सफरचंदाच्या फोडींवर मैदा, लोणी व साखर यांचा रवाळ थर पसरून तो ओव्हनमध्ये भाजतात. अपत्येच्छू दांपत्यांसाठी सुचविल्या जाणाऱ्या प्रकारात ओट, अक्रोड व भोपळ्याच्या बिया घालतात.

या समजुतीस काही आधार आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ११७ निरोगी तरुणांचा समावेश होता. त्यांपैकी ज्यांनी १२ आठवडे रोज ७५ ग्रॅम अक्रोड खाल्ले, त्यांच्या शुक्रजंतूंची हालचाल सुधारली. मात्र अपत्यजन्म वाढतो काय, हे त्यात तपासलेले नव्हते. भोपळ्याच्या बियांत जस्त असते. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या २,३७० दांपत्यांच्या चाचणीत पुरुषांना सहा महिने जस्त व फॉलिक आम्ल देऊनही अपत्यजन्माचे प्रमाण वाढले नाही.

स्त्रियांसाठी फॉलिक आम्ल आवश्यकच आहे, परंतु निराळ्या कारणासाठी. गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत, पुष्कळदा दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच, बाळाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेतून घडतात ती मिटते. ती न मिटल्यास गंभीर जन्मदोष उद्भवतात. ते टाळण्यासाठी गर्भधारणेपूर्वीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्लाची गोळी घेण्याची शिफारस केली जाते. भाजताना अन्नातील फोलेट घटते. म्हणून कोणताही पदार्थ या गोळीची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा साखर बेताची ठेवून हा पदार्थ आनंदाने खावा. त्यावर विसंबून काळ मात्र दवडू नये. प्रयत्न करूनही १२ महिन्यांत, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास ६ महिन्यांत, गर्भधारणा न झाल्यास पती-पत्नी दोघांचीही तपासणी व्हावी. सुमारे निम्म्या दांपत्यांत पुरुषातील दोष हे संपूर्ण वा अंशतः कारण असते. तरीही सुनेच्या पथ्यपाण्याची चर्चा घरोघरी होते आणि मुलाची साधी वीर्यतपासणी लांबणीवर पडते. घरातील वडीलधाऱ्यांनी पुढाकार घेऊन दोघांनाही एकत्रच तपासणीस पाठवावे, अशी आमची नम्र विनंती आहे.