शंभर सज्जन कुठून आणायचे?

आंतरराष्ट्रीय गुन्हेगारीशास्त्र संस्थेचा इतिहास १९३८च्या रोम परिषदेपासून सांगतात. मी थोडा मागून सुरुवात करतो. याच रोममध्ये १८८५ साली गुन्हेगारी मानवशास्त्राची परिषद भरली होती. गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, कवटी-जबडा मोजून तो ओळखता येतो, हे चेझारे लोंब्रोसो यांचे मत तिथे गाजले. ल्यों शहराचे डॉक्टर लाकासान्य यांना ते पटेना. त्यांचा रोख समाजस्थितीवर होता. १८८९ला पॅरिसमध्ये वाद इतका पेटला की सात जणांची समिती नेमावी लागली. शंभर जन्मजात गुन्हेगार आणि शंभर सज्जन यांची मापे तिने ताडून पाहायची होती. ती तुलना झालीच नाही. (गुन्हेगार तुरुंगात मिळतील, सज्जन कोणाच्या दाखल्यावर निवडायचे?) १८९२च्या ब्रुसेल्स परिषदेकडे तर लोंब्रोसो आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी पाठच फिरवली.

मत मात्र टिकून राहिले. नव्या संस्थेचे एक प्रमुख संस्थापक बेनिन्यो दि तुल्लिओ हेही गुन्हेगाराच्या शरीरप्रकृतीला महत्त्व देणारे. त्याच १९३८मध्ये मुसोलिनीच्या सरकारने ज्यूंविरुद्ध वंशकायदे केले. ही दोन पाने मी शेजारी ठेवूनच वाचतो. दुसरी परिषद महायुद्धानंतर, १९५०ला भरली. रोममध्ये नव्हे, पॅरिसमध्ये.