लंगडी, फुगडी आणि खुब्याचं हाड

हाडं लवकर कंटाळतात. हे गमतीत म्हटलेलं नाही, त्यामागे १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. क्लिंटन रुबिन आणि लान्स लॅन्यन या दोन संशोधकांनी पक्ष्याच्या पंखातलं एक हाड निवडलं. ते जागच्या जागी, रक्तपुरवठ्यासकट ठेवलं, पण त्यावर पंख हलण्याचा रोजचा भार पडणार नाही अशी सोय केली. मग यंत्राने त्याला मोजून मापून दाब द्यायला सुरुवात केली. काहीच दाब दिला नाही तेव्हा हाड झिजत गेलं. दिवसाला नुसते ४ दाब दिले तर झीज थांबली. ३६ दिले तर हाडात नवी भर पडू लागली. साहजिकच पुढे ३६० आणि १८०० दाबही देऊन झाले. भर ३६ दाबांना पडली होती तेवढीच. आणि ३६ दाब द्यायला सव्वा मिनिटही लागत नव्हतं.

रोजच्या दहा हजार पावलांचा हिशेब फोनवर ठेवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. चालणं वाईट, असं कुणीच म्हणत नाही. हृदयाला, साखरेला, मनाला ते चांगलंच. पण हाड पावलं मोजत बसत नाही. पहिल्या काही डझन हिसक्यांत त्याला जे कळायचं ते कळतं, आणि त्याच चालीच्या पुढच्या हजारो पावलांकडे ते कान देत नाही. काही तास गेले की त्याची जाण परत येते. उंदरांवरच्या एका प्रयोगात रोजचे ३६० दाब एका गटाला एका दमात दिले, तर दुसऱ्या गटाला नव्वद-नव्वद करून, मध्ये काही तास सोडून. दुसऱ्या गटाची हाडं जास्त बळकट निघाली.

हे कळतं कुणाला? हाडातल्या बहुतांश जिवंत पेशी ऑस्टिओसाइट नावाच्या असतात. त्या हाडाच्या कठीण भागात गाडल्यासारख्या बसलेल्या असतात आणि अतिसूक्ष्म नळ्यांमधून एकमेकींना हात देऊन असतात. या नळ्यांत द्रव असतो. हाड किंचित, डोळ्यांना कधीही दिसणार नाही इतकं वाकलं की द्रव इकडून तिकडे सरकतो आणि पेशींना चाहूल लागते. इथली मेख अशी की द्रव सरकतो तो दाब बदलताना. तासभर स्वस्थ उभं राहिलं तर भार आहे, पण बदल नाही. उडी मारून जमिनीवर आलं तर बदलच बदल, तोही झटक्यात.

एरवी या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचं एक प्रथिन सोडत असतात आणि ते हाड बांधणीला लगाम घालतं. हिसका बसला की स्क्लेरोस्टिन कमी होतं, लगाम सैल होतो आणि हाड रचणाऱ्या पेशी कामाला लागतात. दक्षिण आफ्रिकेतल्या काही आफ्रिकानर कुटुंबांत हे प्रथिन तयारच होत नाही. त्यांची हाडं इतकी जाड होत जातात की कवटीतल्या नसांवरही दाब येतो. या दुर्मीळ आजाराच्या अभ्यासातून पुढे स्क्लेरोस्टिन अडवणारं औषध निघालं आणि २०१९ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते इंजेक्शन महाग आहे. लंगडी फुकट आहे.

लंगडी हा शब्द मी उगाच आणलेला नाही. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात ६५ ते ८० वयाच्या पुरुषांना वर्षभर रोज एका पायावर उड्या मारायला लावल्या. साधारण पन्नास उड्या, थोड्या-थोड्या करून. पुढे, मागे, बाजूला. तुलनेसाठी दुसरी माणसं शोधायची गरजच नव्हती, कारण प्रत्येकाचा दुसरा पाय होताच. आहार तोच, वय तेच, औषधं तीच, फरक फक्त लंगडीचा. वर्षाअखेर लंगडीच्या पायाकडचं खुब्याचं हाड दुसऱ्या बाजूपेक्षा सरस ठरलं. त्याआधी याच विद्यापीठात पाळी चालू असलेल्या स्त्रियांवर सहा महिन्यांचा असाच प्रयोग झाला होता. रोज उड्या मारणाऱ्यांत फायदा सर्वांत ठळक होता. दिशा बदलण्यालाही महत्त्व आहे. हाडाला सवयीच्या दिशेचा भार पाठ झालेला असतो, आडवातिडवा आलेला भार नवा वाटतो. अंगणात ठिक्कर सरकवत घरं पार करणारी मुलगी नेमकं हेच करते: एक पाय, अचानक वळण, मध्येच थांबणं, मग दोन्ही पायांवर धाडकन.

उलट बाजूही पाहून घेऊ. पोहणं आणि सायकल चालवणं हे दोन्ही उत्तम व्यायाम, पण पाण्यात शरीर तरंगतं आणि सायकलवर ते सीटवर बसलेलं असतं. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंच्या मणक्यांची हाडं अनेकदा अपेक्षेपेक्षा विरळ आढळली आहेत. वजनच नसलं की काय होतं, हे अंतराळवीरांमध्ये दिसतं: खुब्यातलं हाड महिन्याला १ ते १.५ टक्के घटतं.

आता फुगडी. कॉलेजातलं भौतिकशास्त्र वापरून थोडा हिशेब करू. दोघी चवडे जुळवून, हातांची कैची करून मागे रेलल्या आहेत. एकीचं वजन ६० किलो धरा. शरीराचा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षापासून अर्धा मीटर लांब धरा. दीड सेकंदात एक फेरी होत असेल तर बाहेर फेकू पाहणारी ओढ सुमारे ५४ किलो वजनाइतकी भरते. गाणं संपत आलं, गती वाढली आणि फेरी सव्वा सेकंदावर आली की तीच ओढ ७७ किलोवर जाते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही ओढ हात आणि पाय मिळून पेलतात. मनगटं, दंड आणि खांदे ताणले जातात आणि चवड्यांवर भरभर बारीक ठोके पडत राहतात. मनगटाचं हाड एरवी घरकामात क्वचितच इतकं ताणलं जातं, आणि उतारवयात पडल्यावर बऱ्याचदा पहिलं मोडतं तेच.

मंगळागौरीच्या खेळांची यादी या नजरेने वाचली तर गंमत वाटते. पिंग्यात कमरेपासूनचे हिसके, झिम्म्यात टाळ्यांसह उड्या, कोंबड्यात उकिडवं बसून उसळणं, दंडफुगडीत खांद्यांवर ताण. एका रात्रीत शरीराला इतक्या निरनिराळ्या दिशांनी भार देणारं दुसरं काही पटकन आठवत नाही. भोंडल्याचा फेर त्यामानाने मवाळ. हत्तीभोवती गोल फिरणं हाडाच्या हिशेबात चालण्यातच जमा होतं. खिरापत ओळखण्याची मजा वेगळी, ती हाडांसाठी नाहीच. गोव्यातल्या बायका चवथीला फुगडी घालतात, तिच्यातले भरभर ठेके मात्र पाहण्यासारखे असतात. आपल्या आज्यांना हाडांचं शास्त्र ठाऊक होतं, असा दावा मला करायचा नाही. त्या रात्रभर जागायला आणि एरवी न मिळणारी मोकळीक घ्यायला खेळत होत्या. हाडांचा फायदा हा वरचा मलिदा.

हा मलिदा खरा मिळतो तो लहान वयात. कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठाने मुला-मुलींची हाडं वर्षानुवर्षं मोजली. प्रौढपणी हाडांत जेवढी खनिजं असतात त्यातली सुमारे चौथाई वाढीच्या ऐन भरातल्या दोनच वर्षांत जमा होतात, असं त्यातून दिसलं. मुलींमध्ये हा भर साडेबाराव्या वर्षाच्या आसपास येतो. फिनलंडमध्ये टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या स्त्रियांचे दोन्ही हात तपासले गेले. रॅकेट धरणारा हात अर्थातच जास्त भक्कम होता. पण पाळी सुरू होण्याआधी खेळायला लागलेल्यांच्या दोन हातांतला फरक, उशिरा खेळायला लागलेल्यांच्या तुलनेत दुपटीपासून चौपटीपर्यंत होता.

आणि आपल्याकडे मुलगी बारा-तेराची झाली की काय होतं? आता मोठी झालीस, उड्या काय मारतेस. सातवीपर्यंत खो-खोच्या खांबाला सूर मारणारी पोर आठवीत मैदानाच्या कडेला दप्तर सांभाळत बसते. पीटीचा तास गणिताला जातो. दुपारची शिकवणी, संध्याकाळची शिकवणी. ज्या दोन वर्षांत हाड सगळ्यात जास्त ऐकायला तयार असतं, नेमक्या त्याच वर्षांत आपण तिला बसवून ठेवतो, आणि पन्नाशीनंतर कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली हातात देतो. हाडांच्या आरोग्याबद्दल सध्या जेवढं बोललं जातं त्यातलं निम्मं तरी शाळेच्या मैदानाबद्दल असायला हवं, असं मला वाटतं.

मैदानाला दुसरंही एक महत्त्व आहे, ते उन्हाचं. त्वचेत ड जीवनसत्त्व तयार व्हायला सूर्यप्रकाशातले अतिनील-ब किरण लागतात. सूर्य खाली असताना ते वातावरणातच अडकतात, त्यामुळे पहाटेच्या फेरीतल्या कोवळ्या उन्हाचा ड जीवनसत्त्वासाठी फारसा उपयोग नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की समजावं, किरण पोचताहेत. काचेतून ते येत नाहीत, म्हणजे बंद खिडकीपाशी आरामखुर्ची टाकून उपयोग नाही. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. मुलांच्या बाबतीत हा वेळ म्हणजे मधली सुट्टी, आणि हल्ली अनेक शाळांत ती वर्गातच संपते.

खाण्याबद्दल थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, पाळी गेलेल्या स्त्रियांना १२००. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम असतं, म्हणजे बेताच्या एका भाकरीत दोनशेच्या आसपास. तीळ त्याहून कितीतरी पुढे, पण तो खाल्ला जातो चमचाभर. पालकात कॅल्शियम भरपूर असूनही ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. पण नाचणीची कितीही भाकरी खाल्ली आणि हाडाला हिसका बसलाच नाही, तर आलेलं कॅल्शियम बसवायचं कुठे हे हाडाला कळत नाही.

पन्नाशीपुढच्या मैत्रिणींसाठी मात्र हात राखून लिहायला हवं. इंग्लंडमध्ये १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्त्रियांना आठवड्यातले सहा दिवस रोज पन्नास उड्या मारायला सांगितल्या. पाळी चालू असलेल्यांचं खुब्याकडचं हाड पाच महिन्यांत २.८ टक्क्यांनी वाढलं. पाळी गेलेल्यांत तेवढ्याच उड्यांनी वर्षभरातही फरक पडला नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की हाडाचे कान जड होतात. पाळी थांबण्याच्या आसपासची काही वर्षं मणक्यातलं हाड वर्षाला सुमारे २ टक्के जातं, ते वेगळंच.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठात हाडं विरळ झालेल्या १०१ स्त्रिया घेतल्या. त्यांतल्या जवळपास निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली चांगलं जड वजन उचलायला आणि उडी मारून खाली उतरायला शिकवलं. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यातली घनता २.९ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली. म्हणजे कान जड झाले तरी मोठ्याने बोललं तर ऐकू येतं. फक्त ते बोलणं शिकवणाऱ्या माणसासमोर, हळूहळू वाढवत.

म्हणून मंगळागौरीच्या गटात साठीची बाई असेल तर तिने आधी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, करून घ्यावी. त्यातला टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर गरगर फुगडी, कोंबडा आणि कमरेतून वाकून पिळा देणारे प्रकार बंद. हातातून हात सुटला तर दोघींचं काय होईल, याचं गणित वरच आलं आहे. गुडघे कुरकुरत असतील तर बसफुगडी कुणीच करू नये. हाडं विरळ झालेल्या बाईने झिम्म्यात टाळ्या धराव्यात, टाचा उचलून ठेक्यावर जमिनीवर टेकवाव्यात, भिंतीचा आधार घेऊन एका पायावर उभं राहावं. खुबा बहुतेक वेळा पडल्यामुळेच मोडतो, तेव्हा तोल सांभाळता येणं हाडाच्या घनतेइतकंच मोलाचं.

एक अडचण राहते, ती पंचांगाची. गावोगावच्या महिला मंडळांचा सराव आषाढात सुरू होतो, श्रावणात कार्यक्रम होतात आणि गणपतीनंतर सगळं थंडावतं. जुनं हाड काढून त्या जागी नवं भरायची एक फेरी पुरी व्हायला चार ते सहा महिने लागतात. आषाढात सुरू झालेलं काम भाद्रपदात अर्धवट पडतं. तेव्हा आठवड्यातून तीन-चारदा, दहा मिनिटांचा का होईना, सराव निदान संक्रांतीपर्यंत तरी चालू ठेवावा. हळदीकुंकवासाठी सोसायटीचा हॉल तसाही घेतलेला असतो, खुर्च्या मांडायच्या आधी अर्धा तास मोकळा मिळतो.