चुलीपाशी जर-तर

मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसते. धडा अडला की आईकडे बघते. आई म्हणते, "मला गं काय कळतंय इंग्रजी!"

असं म्हणू नका. जर-तरची भाषा आपण रोज चुलीपाशी बोलतो. इंग्रजीत 'जर'ला 'इफ' म्हणतात.

लोणी तापवलं, तर वितळतं. हे नेहमीच घडतं. इंग्रजीत म्हणतात, 'इफ यू हीट बटर, इट मेल्ट्स.'

तुम्ही जेवायला आलात, तर मी भात करीन. हे पुढं घडायचं आहे. 'इफ यू कम, आय विल कुक राइस.' इथं 'विल' आला. तो 'तर'च्या बाजूला बसतो. 'इफ'च्या बाजूला सहसा बसत नाही. मुलं चुकतात ती इथंच.

तुम्ही आला असतात, तर मी भात केला असता. वेळ निघून गेली, भात झालाच नाही. 'इफ यू हॅड कम, आय वुड हॅव कुक्ड राइस.'

म्हणून मुलीला आधी मराठीत विचारा, "हे नेहमी घडतं, पुढं घडेल, की राहून गेलं?" एवढं तिला उमगलं, तर अर्धा धडा झालाच. आणि तो तुम्ही शिकवलात.