यंत्राचा पंक्तिप्रपंच

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. शेजारच्या गावचे एक शेतकरी, वय पंचावन्नच्या आसपास, मुलाच्या मोटारसायकलवर बसून दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, विहिरीपर्यंत जाऊन आलं तरी दम लागतोय," म्हणाले. मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा आला ९५. "चांगलं आहे, घाबरू नका," असे सांगून गोळ्या दिल्या आणि घरी पाठवले.

रात्री दोन वाजता मुलाचा फोन आला. सरकारी रुग्णालयात नेले तेव्हाही बोटावरचे यंत्र ९२ दाखवत होते; धमनीतले रक्त तपासले तर ८५ निघाले. अकरा दिवस प्राणवायूवर काढून गृहस्थ घरी आले, हे आमचे नशीब. माणूस तोंडाने सांगत होता की दम लागतो, आणि मी काचेवरचा आकडा वाचत बसलो. ती चूक माझीच. पण यंत्राचाही त्यात थोडा वाटा असावा, असे मला पुढे वाचनातून कळले.

हे यंत्र बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकारचे प्रकाश सोडते आणि त्यातला किती शोषला गेला यावरून प्राणवायूचा अंदाज बांधते. काळ्या-सावळ्या कातडीतले रंगद्रव्यही प्रकाश शोषते, त्यामुळे हिशेब चुकू शकतो. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के आढळले. म्हणजे तिपटीहून अधिक. तिथल्या सरकारच्या २०१३ च्या सूचनांनुसार असे यंत्र दहा माणसांवर तपासले तरी चालत असे, आणि त्यांत गडद वर्णाची दोन माणसे पुरत. जानेवारी २०२५ मध्ये नव्या सूचनांचा मसुदा निघाला, त्यात ही संख्या दीडशे किंवा अधिक सुचवली आहे.

ऑक्सिमीटर हे तसे साधे यंत्र. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे संगणकी प्रोग्राम आले आहेत. ते हजारो जुन्या नोंदी पाहून स्वतःच ठोकताळे शिकतात. ज्यांच्या नोंदी पाहिल्या त्यांचे गुणदोष त्यात उतरतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१९ मध्ये उघडकीस आले. अमेरिकेतल्या मोठमोठ्या रुग्णालयांत एक प्रोग्राम वापरात होता. कोणत्या रुग्णाला जादा देखभालीची गरज आहे, म्हणजे परिचारिकेचा पाठपुरावा किंवा लवकरची भेट, हे तो गुण देऊन ठरवी. झियाद ओबरमायर हे डॉक्टर आणि सेंधिल मुलैनाथन हे मूळचे भारतीय अर्थशास्त्रज्ञ यांनी सहकाऱ्यांसह त्याची झडती घेतली. रुग्णाचा वर्ण प्रोग्रामला सांगितलेलाच नव्हता. तरीही सारखेच गुण मिळालेल्यांत कृष्णवर्णीय रुग्ण जास्त आजारी निघाले. कारण काय, तर प्रोग्राम आजार मोजत नव्हता. पुढच्या वर्षी औषधोपचारावर किती खर्च होईल, हे मोजत होता. तेवढेच आजार असलेल्या कृष्णवर्णीय माणसावर वर्षाला सुमारे १८०० डॉलर कमी खर्च होत होता, कारण उपचार त्याच्यापर्यंत कमी पोहोचत होते. यंत्राने अर्थ लावला : खर्च कमी, म्हणजे आजार कमी.

आपल्या ओळखीचेच आहे हे. आपल्याकडे जी बाई वर्षानुवर्षे दुखणे अंगावर काढते, तिचा डॉक्टरचा खर्च शून्य. म्हणून ती ठणठणीत का? ही त्रुटी काढली असती तर जादा देखभालीस पात्र ठरणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. संशोधकांनी प्रोग्राम बनवणाऱ्यांनाच बरोबर घेऊन माप बदलून पाहिले, तेव्हा हा दुजाभाव ८४ टक्क्यांनी घटला. मुद्दाम कोणी केले नव्हते, पण तपासेपर्यंत कोणाला दिसलेही नव्हते.

म्हणूनच काही शहरांनी आता तपासणीचा आग्रह धरला आहे. न्यूयॉर्क शहराने २०२१ मध्ये कायदा केला. ५ जुलै २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. हा कायदा नोकरभरतीपुरता आहे, पण पद्धत समजून घेण्याजोगी आहे. उमेदवार निवडणाऱ्या प्रोग्रामची वर्षातून एकदा त्रयस्थाकडून तपासणी करायची आणि निष्कर्ष जाहीर करायचे. हिशेब सोपा आहे. शंभर पुरुषांतले पन्नास निवडले आणि शंभर बायकांतल्या तीस, तर तीस भागिले पन्नास, म्हणजे ०.६. किती खाली गेल्यास नापास, हे मात्र कायद्यात नाही. शिवाय आपल्याला कायदा लागू होतो की नाही, हे बरेचसे मालकाच्याच मर्जीवर. २०२४ मध्ये अभ्यासकांनी ३९१ मालकांची संकेतस्थळे पाहिली. तपासणीचा अहवाल सापडला फक्त १८ ठिकाणी.

कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहराची रीत मला अधिक पसंत आहे. तिथे खरेदीपूर्वीच विक्रेत्याकडून माहितीपत्रक भरून घेतात : प्रोग्राम कोणत्या माहितीवर शिकला, अचूकता किती, कोणासाठी तो कमी पडतो. २०२३ मध्ये या शहराच्या पुढाकाराने इतर शहरेही एकत्र आली आणि हाच नमुना वापरू लागली. पैसे हातात असतात तेव्हाच विक्रेता नीट उत्तर देतो, हे बाजारात भाजी घेणाऱ्यालाही ठाऊक असते.

आता आपल्याकडे. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय सांगणारे प्रोग्राम आपल्या क्षयरोग कार्यक्रमात आले आहेत. ते टाकाऊ आहेत असे मुळीच नाही. ढाक्यात सुमारे चोवीस हजार लोकांवर पाच प्रोग्राम तपासले, त्याचा अहवाल २०२१ मध्ये आला. पाचही एक्स-रे तज्ज्ञांपेक्षा सरस ठरले. पण साठीपुढच्या माणसांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत तेच पाचही कमी पडले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेली शिफारस पंधरा वर्षे व त्यापुढच्यांसाठीच आहे, लहान मुलांसाठी नाही.

नगरपालिका किंवा जिल्हा परिषद निविदा काढते तेव्हा आपण दर पाहतो. माझ्या वाचकांत लोकप्रतिनिधी आहेत, औषधभांडारातले कर्मचारीही आहेत. त्यांनी पुरवठादाराला एवढे विचारावे : आमच्या भागातल्या माणसांवर हे तपासले आहे का, वृद्ध, स्त्रिया, जुने क्षयरोगी यांचे निकाल वेगवेगळे दाखवाल का, आणि दरवर्षी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्याल का. उत्तरे तोंडी नकोत, करारात हवीत.

आणि घरच्यांसाठी. ऑक्सिमीटर लावताना नखांचा रंग काढा, हात गार असेल तर चोळून ऊबदार करा, पाच मिनिटे स्वस्थ बसून मग आकडा पाहा. एका आकड्यापेक्षा तो दिवसागणिक उतरतो आहे का, हे महत्त्वाचे. आकडा चांगला असूनही दम लागत असेल, तर दवाखाना गाठा. दोन आठवड्यांवर खोकला असेल, तर एक्स-रेच्या प्रोग्रामने काहीही म्हटलेले असो, बेडका तपासायला द्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.