टायरची पकड आणि चालकाचे शिक्षण

जयपूर शहरातील सोडाला या गजबजलेल्या भागातून अजमेर मार्गावर रोज मोटार चालविणारा एखादा अनुभवी गृहस्थ घ्या. वीस वर्षे गाडी चालवूनही त्याला बहुधा दोन गोष्टी ठाऊक नसतात. सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबल्यास आपली गाडी किती अंतरात थांबेल, ही पहिली. वळणावर तिची चाके कोणत्या क्षणी घसरू लागतील, ही दुसरी. रहदारीत हा प्रयोग करता येत नाही आणि करूही नये. परंतु समोर अकस्मात एखादे मूल धावत आले म्हणजे नेमके हेच ज्ञान उपयोगी पडते. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हे लक्षात घेता, असे ज्ञान निर्धोकपणे कसे मिळवावे, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. ऑटोक्रॉसची नवशिक्यांसाठी भरणारी शाळा हे त्याचे एक उत्तर होय.

ऑटोक्रॉस म्हणजे काय?

मोकळ्या मैदानावर रबरी अथवा प्लॅस्टिकचे शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात आणि त्यातून एका वेळी एकच गाडी घड्याळ लावून सोडतात. भारतात व ब्रिटनमध्ये हा खेळ बहुधा मातीच्या वा गवताच्या मैदानावर होतो. अमेरिकेत तो फरसबंद वाहनतळांवर अथवा जुन्या विमानतळांवर खेळला जातो. १९४४ साली स्थापन झालेली ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था त्याचे सामने ‘सोलो’ या नावाने भरविते. तिच्या नियमानुसार एक शंकू पाडल्यास वेळेत दोन सेकंदांची भर पडते. चूक झाली तर शंकू पडतो, माणूस नव्हे. यातच या शाळेचे सारे महत्त्व आहे.

येथे खास शर्यतीची गाडी लागत नाही. घरची नेहमीची मोटार पुरते. प्रथम तिची तपासणी होते. चाकांचे नट घट्ट आहेत काय, बॅटरी पक्की बसविली आहे काय, ब्रेकचे पायटे दाबल्यावर ठाम राहते काय, हे पाहिले जाते. गाडीतील सुट्या वस्तू बाहेर काढून ठेवतात. चालक शिरस्त्राण घालतो व पट्टा बांधतो. त्यानंतर सर्व विद्यार्थी तो मार्ग पायी चालून पाहतात. आपली पाळी नसेल तेव्हा पडलेले शंकू जागच्या जागी उभे करण्याचे काम त्यांच्याकडेच असते.

पकडीचा हिशेब

मोटारीचे प्रत्येक टायर सुमारे तळहाताएवढ्या जागेवर जमिनीला टेकलेले असते. वेग वाढविणे, थांबणे आणि वळणे ही तिन्ही कामे या चार छोट्या जागांतील घर्षणावरच चालतात. कोरड्या रस्त्यावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरला, तर ताशी ४० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यापासून सुमारे ९ मीटरांत थांबते. ६० किलोमीटर वेगाची २० मीटरांत. आणि ८० किलोमीटर वेगाची ३६ मीटरांत. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर गाडी अनुक्रमे आणखी ११, १७ व २२ मीटर पुढे गेलेली असते.

वळणाचाही हिशेब असाच आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर, याच घर्षणात, ताशी सुमारे ४२ किलोमीटर ही वेगाची मर्यादा ठरते. तिच्यापुढे स्टिअरिंग कितीही फिरविले तरी गाडी बाहेरच्या बाजूस सरकते.

शिवाय पकड ही मर्यादित पुंजी आहे. ती ब्रेकसाठी खर्च केली, तर वळण्यासाठी कमी उरते. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्तुळाने हे दाखविता येते. पकडीचा ६० टक्के भाग थांबण्यात गेला, तर वळण्यासाठी ८० टक्के उरतो. ८० टक्के गेला, तर ६० टक्केच उरतो. आणि सर्व खर्च केला, तर काहीच उरत नाही. म्हणूनच शिक्षक वारंवार बजावतात की वेग वळणापूर्वी, सरळ रस्त्यावर कमी करावा.

वजनाचे सरकणे

ब्रेक लागताच गाडीचे नाक खाली झुकते. समजा, गाडीचे वजन १,००० किलोग्रॅम आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आहे आणि पुढील व मागील आसांमध्ये २४० सेंटिमीटर अंतर आहे. वर सांगितलेल्या घर्षणाने ती थांबत असता सुमारे १६० किलोग्रॅमचा भार मागील चाकांवरून पुढील चाकांवर सरकतो. मागील चाके हलकी होतात. भर वळणात घाबरून एकाएकी पाय उचलला किंवा ब्रेक दाबला, तर गाडीचा मागचा भाग घसरून ती गरकन फिरते, ते यामुळेच. मैदानावर हे एकदा अनुभवले की चालकाचे हातपाय शांतपणे हलू लागतात.

आधुनिक गाड्यांत चाके जखडू न देणारी ब्रेक-यंत्रणा असते. १९७८ साली ती मर्सिडीझच्या मोटारींत बसविण्यात आली. ती कार्य करीत असता पायाखाली थरथर जाणवते. अनेक जण हा बिघाड समजून पाय सैल सोडतात. शाळेत ही थरथर ओळखीची होते, आणि पाय घट्ट दाबून ठेवून अडथळा चुकविण्यास वळावे, हे अंगवळणी पडते.

दृष्टीचे शिक्षण

नवशिक्या समोरच्या शंकूकडेच टक लावून पाहतो आणि पुष्कळदा त्यालाच धडकतो. शिक्षक त्याला पुढच्या शंकूकडे, मग त्याच्याही पुढच्या शंकूकडे पाहावयास लावतात. जेथे जावयाचे तेथे नजर अगोदर पोहोचली पाहिजे. हात मागोमाग येतात.

हे प्रयोग अधिकृत कार्यक्रमात, जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावेत. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीवाचून शर्यत करणे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने दंडनीय आहे. ज्याने आपल्या गाडीची मर्यादा प्रत्यक्ष पाहिली, तो त्या मर्यादेपासून दूर राहतो. पुढील वाहनापासून तो अधिक अंतर ठेवतो, पावसात वेग उतरवितो आणि शाळेजवळून जाताना ब्रेकवर पाय तयार ठेवतो. घड्याळातील सेकंद वाचविण्यास शिकविणारी ही शाळा अखेरीस रस्त्यावरील मीटर राखावयास शिकविते.