पुराव्याचे ओझे कुणाच्या खांद्यावर?

न्यूयॉर्क शहराच्या अग्निशमन दलातला जवान आजारपणामुळे कायमचा कामाबाहेर गेला, की त्याच्या पेन्शनपुढे दोन वाटा असतात. आजार कर्तव्यामुळे जडला असे मान्य झाले, तर पगाराच्या जवळपास पाऊणपट रक्कम, तीही केंद्रीय प्राप्तिकराची कात्री न लागता, हातात येऊ शकते. तसे मान्य झाले नाही, तर रक्कम बरीच खाली येते. दोन जवानांची फुप्फुसे सारखीच निकामी झालेली असली आणि दोघांच्या घरचा खर्च सारखाच असला, तरी हा फरक पडतो. जखम असेल तर ‘कशामुळे’ या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. छत कोसळले, गोळी लागली, शिडीवरून पाय निसटला. तारीख असते, जागा असते, साक्षीदार असतात. वीस वर्षे धूर खाल्ल्यावर उद्भवलेल्या कर्करोगाला यातले काहीच नसते. पोलीस आणि अग्निशमन जवानांच्या अपंगत्व-पेन्शनचा खरा वाद म्हणूनच ‘किती द्यायचे’ यावर कमी आणि ‘कुणी सिद्ध करायचे’ यावर जास्त होतो. माझे म्हणणे स्पष्ट आहे. ज्या कामातून विशिष्ट आजार होतात हे विज्ञानाने दाखवून दिले आहे, त्या कामातल्या माणसाला तो आजार झाला तर तो कामामुळेच झाला असे कायद्याने गृहीत धरावे. तसे नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे सरकारने उचलावे.

या मागणीला दयेचा नव्हे, पुराव्याच्या स्वरूपाचाच आधार आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यवसाय सुरक्षा व आरोग्य संस्थेने सॅन फ्रान्सिस्को, शिकागो आणि फिलाडेल्फिया या शहरांतील सुमारे ३०,००० अग्निशमन जवानांच्या १९५० ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सर्वसामान्य लोकसंख्येच्या तुलनेत जवानांमध्ये कर्करोगाचे निदान ९ टक्के आणि कर्करोगाने होणारे मृत्यू १४ टक्के अधिक आढळले. ॲस्बेस्टॉसशी निगडित मेसोथेलिओमा हा कर्करोग तर दुपटीच्या घरात होता. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्यों येथील कर्करोग संशोधन संस्थेने आग विझवण्याचे कामच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींत टाकले. कारणेही समजण्यासारखी आहेत. जळणाऱ्या प्लास्टिक, फोम आणि रंगांतून बेंझिनसारखी रसायने बाहेर पडतात. ती श्वासातून जातात तशीच कातडीतूनही शिरतात आणि काजळी धरलेल्या कोटाबरोबर केंद्रापर्यंत येतात. मात्र हे सगळे आकडे समूहाविषयी बोलतात. एका विशिष्ट माणसाच्या मूत्राशयातली गाठ कोणत्या रात्रीच्या कोणत्या आगीतून आली, हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. समूहाबद्दलचे सत्य विज्ञान देते, आणि पेन्शनचा अधिकारी एका माणसाबद्दलचा पुरावा मागतो. तो पुरावा अस्तित्वातच नसेल, तर तो मागणे म्हणजे नकाराचा निर्णय आधीच घेणे होय.

हृदयविकाराचे चित्र याहून ठळक आहे. २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात १९९४ ते २००४ या काळात अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावलेल्या जवानांची प्रकरणे तपासली होती, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातले मृत्यू त्यातून वगळले होते. त्यांपैकी ३९ टक्के मृत्यू हृदयविकाराने झाले होते, आणि त्यातले जवळजवळ एक तृतीयांश प्रत्यक्ष आग विझवताना. जवानाच्या वर्षभराच्या कामात आगीशी प्रत्यक्ष झुंजण्याचा वेळ जेमतेम एक ते पाच टक्के असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रमाणाचा अर्थ कळतो. झोपेतून घंटेसरशी उठायचे, अंगावर जड पोशाख आणि हवेचे सिलिंडर चढवायचे, भट्टीसारख्या उष्णतेत जिने चढायचे. हृदयावर पडणारा हा ताण मोजता येतो. तरीही एखाद्याला झटका घरी, सुट्टीच्या दिवशी आला, तर हिशेब पुन्हा संशयाकडे झुकतो.

म्हणून अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायद्यात एक गृहीतक घातले. न्यूयॉर्कच्या कायद्याची रचना पाहण्यासारखी आहे. पोलीस किंवा अग्निशमन जवान भरतीच्या वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झाला असेल, त्या वेळी हृदयविकाराची कोणतीही खूण आढळली नसेल आणि नंतर त्या विकाराने तो अपंग झाला, तर तो विकार कर्तव्य बजावताना झाला असे मानायचे. सक्षम पुराव्याने याउलट सिद्ध होईपर्यंत. हे शेवटचे कलम महत्त्वाचे आहे. गृहीतक म्हणजे अंतिम निकाल नव्हे. वादाला कुठून सुरुवात करायची, एवढेच ते ठरवते. अग्निशमन जवानांच्या कर्करोगासाठी असे कायदे कॅनडातही झाले, त्याची सुरुवात २००२ मध्ये मॅनिटोबा प्रांताने केली. २००३ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, दगदगीच्या किंवा तणावाच्या कामगिरीनंतर २४ तासांच्या आत झटका येऊन मरण पावलेल्या जवानाच्या कुटुंबालाही केंद्रीय मदतीसाठी असेच गृहीतक लागू केले.

या विचाराची सर्वांत कठोर परीक्षा ११ सप्टेंबर २००१ नंतर झाली. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे ३४३ जण गेले. मागे राहिलेले महिनोन् महिने ढिगारे उपसत होते. सिमेंटची भुकटी, काचतंतू, ॲस्बेस्टॉस यांची ती क्षारयुक्त धूळ नाका-घशातून आत जात होती, आणि केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या प्रमुखांनी आठवड्याभरातच हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचे जाहीर केले होते. तसे म्हणण्याइतकी माहिती त्या वेळी हाती नव्हती, असा निष्कर्ष त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी २००३ मध्ये काढला. जवानांच्या बाजूने एक गोष्ट मात्र भक्कम होती. दल आपल्या माणसांची फुप्फुसांची चाचणी हल्ल्याच्या आधीपासून नियमित करत असे. आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवल्यावर दिसले, की वाढत्या वयाने फुप्फुसांची जी क्षमता बारा वर्षांत घटते, ती इथे एका वर्षात घटली होती. २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याने कायदा केला. हल्ल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांत कधीही, किंवा पुढच्या वर्षभरात एकूण किमान ४० तास तिथे काम केलेल्याला ठरावीक आजार झाला, तर तो तिथल्याच कामामुळे झाला असे मानायचे. आधीच नेहमीच्या पेन्शनवर निवृत्त झालेल्याला नंतर आजार उद्भवला, तर त्याचे प्रकरण पुन्हा उघडण्याची सोयही त्यात ठेवली. ती किती गरजेची होती हे काळाने दाखवले. २०२३ च्या सप्टेंबरात, त्या धुळीशी निगडित आजारांनी मरण पावलेल्या दलातील माणसांचा आकडाही ३४३ वर पोहोचला.

एका माणसाच्या बाबतीत कारण शोधायला गेले की काय होते, हे जेम्स झाड्रोगा यांच्या प्रकरणात जाहीरपणे घडले. ढिगाऱ्यावर काम केलेला हा न्यूयॉर्कचा पोलीस अधिकारी २००६ च्या जानेवारीत ३४ व्या वर्षी वारला. न्यू जर्सीच्या शवविच्छेदन अधिकाऱ्याने मृत्यूचा संबंध धुळीशी जोडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क शहराच्या मुख्य वैद्यकीय परीक्षकांनी तो साफ नाकारला. फुप्फुसांतले कण गोळ्यांची पूड टोचून घेतल्याने आलेले आहेत, असे त्यांचे मत पडले. ऊती त्याच, डॉक्टर दोघेही जाणकार, आणि निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. तरीही अमेरिकी काँग्रेसने २०१० च्या अखेरीस मंजूर केलेला, हजारो बचावकर्मींच्या उपचारांचा कायदा त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि त्यात मला विसंगती दिसत नाही. एकाच्या मृत्यूचे कारण वादग्रस्त राहिले, म्हणून हजारोंच्या फुप्फुसांचे मोजलेले नुकसान खोटे ठरत नाही. प्रत्येकाला या दोन डॉक्टरांच्या मधे उभे केले असते, तर बहुतेकांचे आयुष्य निकालाची वाट पाहण्यातच संपले असते.

यावर घेतला जाणारा सर्वांत वजनदार आक्षेप आकड्यांचाच आहे. धोका ९ टक्क्यांनी वाढत असेल, तर जवानांना होणारे बहुतेक कर्करोग एरवीही झालेच असते. मग सरकारने सर्वांचा भार का उचलावा? हा युक्तिवाद चुकीचा नाही. गृहीतकामुळे काही अशा माणसांना जास्त पेन्शन मिळेल, ज्यांचा आजार कामातून आलेला नसेल. पण गृहीतक नसेल, तर ज्यांचा आजार कामातूनच आला अशी माणसे वंचित राहतील. यातली एक चूक होणारच आहे. ती कुणी सोसायची, एवढेच आपल्या हातात आहे. पहिल्या चुकीचा खर्च लाखो करदात्यांत वाटला जातो, दुसरीचा एकट्या घरावर पडतो. शिवाय पहिली चूक आटोक्यात ठेवता येते. ज्या आजारांचा पुरावा भक्कम आहे तेवढेच यादीत घ्यावेत, किमान सेवेची अट घालावी, भरतीच्या वेळची तपासणी काटेकोर करावी, आणि तंबाखूसारखे दुसरे कारण सरकारला दाखवता आले तर गृहीतक मोडू द्यावे.

दुसरा आक्षेप लबाडीचा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शंभराहून अधिक जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात निवृत्त पोलिसांची संख्या मोठी होती, काही निवृत्त अग्निशमन जवानही होते. मानसिक आजाराचे सोंग करून केंद्रीय अपंगत्व-भत्ता उकळल्याचा हा आरोप होता, आणि घराबाहेर पडवत नाही म्हणणाऱ्या एकाचे जेट-स्की चालवतानाचे छायाचित्र पुढे आले. संताप योग्यच होता. पण ही लबाडी अपंगत्व आहे की नाही याबद्दलची होती, ते कशामुळे आले याबद्दलची नव्हे. गृहीतक फक्त कारणाला लागू होते. माणूस खरोखर अपंग आहे का, हे वैद्यकीय मंडळाला तरीही तपासावेच लागते. सोंगाड्याला पकडायला तपास लागतो. खऱ्या रुग्णाकडे अशक्य पुरावा मागून तो सापडत नाही.

हे तत्त्व भारताला परके नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यातच व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि त्यातला रोग संबंधित कामात ठरावीक काळ असलेल्या कामगाराला झाला तर तो कामामुळे झालेला अपघात मानला जाई. अग्निशमन दलातल्या नोकरीचा त्या कायद्यात उल्लेख होता, पण रोगांच्या यादीत आग विझवण्याच्या कामाला स्वतंत्र जागा नव्हती. सैनिकांसाठी १९८२ च्या नियमांनी पुराव्याचे ओझे दावेदारावर न टाकता वाजवी संशयाचा फायदा त्याला दिला. १९८५ मध्ये लष्करात गेलेल्या आणि १९९४ मध्ये अपस्मारासारख्या झटक्यांमुळे घरी पाठवलेल्या धरमवीर सिंह यांना तरीही अपंगत्व-पेन्शन नाकारली गेली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे मानावे, आणि उलट असेल तर ते सरकारने सिद्ध करावे. न्यूयॉर्कच्या हृदयविकाराच्या कायद्यातही हाच तर्क आहे. केंद्राच्या नागरी सेवकांसाठी आणि केंद्रीय पोलीस दलांसाठी असलेल्या १९३९ च्या असाधारण निवृत्तिवेतन नियमांचा भर मात्र सेवा आणि अपंगत्व यांच्यातल्या कार्यकारणसंबंधावर राहिला.

मुंबई, पुणे, नागपूर इथली अग्निशमन दले महापालिकांची आहेत, त्यामुळे सुरुवात करायला दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक जवानाची भरतीच्या वेळी आणि दरवर्षी फुप्फुसांची व हृदयाची तपासणी व्हावी आणि तिची प्रत त्याला मिळावी. तो कोणत्या आगीत किती वेळ होता, काय जळत होते, याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात जावी. वैद्यकीय मंडळाने दावा नाकारला तर कारणे लिहून द्यावीत. आणि ल्योंच्या संस्थेने ज्यांचा पुरावा पुरेसा मानला आहे ते मेसोथेलिओमा व मूत्राशयाचा कर्करोग, तसेच कामगिरीनंतर लगेच आलेला हृदयविकाराचा झटका, एवढ्या छोट्या यादीपासून राज्याने गृहीतकाचा नियम करावा. जवानाला आगीत पाठवण्याचा हुकूम सरकार देते, कशात पाठवले याच्या नोंदी सरकारकडे असतात, आणि तपासणारे डॉक्टरही सरकारच नेमते. पुरावा ज्याच्या हातात आहे, त्यानेच तो द्यावा.